‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे अवघड नव्हे: एका इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्लेक्स हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की त्याचा अर्थ कुणी विचारला तर आधी आश्चर्य वाटतं. मग सांगायला गेलं की अडायला होतं. इमारतींचा समूह, मनातला गंड, न सुटणारा प्रश्न, गणितातल्या संख्या, गोळ्यांची पट्टी, व्याकरणातलं वाक्य, सगळीकडे हाच शब्द. मी बरीच वर्षं भाषांतराचं काम करतो आहे आणि या एका शब्दाने मला जितकं थांबवलं आहे तितकं फार थोड्या शब्दांनी थांबवलं असेल. विद्यार्थी, नवे भाषांतरकार, कार्यालयात इंग्रजी अहवाल लिहिणारे मित्र जे प्रश्न विचारत आले, ते इथे उत्तरांसह मांडतो.

कॉम्प्लेक्स या शब्दाचा नेमका अर्थ काय?

अनेक भागांनी बनलेलं, आणि ते भाग एकमेकांत गुंतलेले आहेत असं. यातला दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विसरला जातो. वाळूच्या ढिगात कोट्यवधी कण असतात, पण ओंजळभर वाळू काढून घेतली तरी उरलेल्या ढिगाला काही फरक पडत नाही. तो ढीग मोठा आहे, कॉम्प्लेक्स नाही. मुंग्यांचं वारूळ मात्र कॉम्प्लेक्स आहे, कारण तिथे एका मुंगीच्या वागण्याचा परिणाम दुसरीवर होतो, दुसरीचा तिसरीवर, आणि फिरून पहिलीवर.

शब्दाच्या मुळातही हेच आहे. लॅटिनमध्ये ‘प्लेक्टेरे’ म्हणजे विणणं, वेणी घालणं. त्याला ‘एकत्र’ या अर्थाचा ‘कॉम’ जोडला की एकत्र गुंफलेलं, एकाने दुसऱ्याला कवेत घेतलेलं असा अर्थ निघतो. सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत रुळला. गोंधळून गेलेल्या माणसाला इंग्रजीत ‘परप्लेक्स्ड’ म्हणतात, तोही याच मुळातला: पार गुरफटून गेलेला. आणि ‘सिंपल’ हा ज्या लॅटिन ‘सिंप्लेक्स’ वरून आला त्याचा अर्थ एकपदरी. म्हणजे साधं ते एकपदरी आणि कॉम्प्लेक्स ते अनेकपदरी. मराठीत हे किती सहज बसतं बघा.

म्हणजे कॉम्प्लेक्स आणि अवघड एकच नाही?

अजिबात नाही, आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. अवघड हा शब्द वस्तू आणि माणूस यांच्यातल्या नात्याबद्दल बोलतो. कॉम्प्लेक्स हा फक्त वस्तूच्या घडणीबद्दल बोलतो. शंभर किलोचा दगड उचलणं अवघड आहे, पण त्यात कॉम्प्लेक्स काही नाही. दोन सहा आकडी संख्यांचा तोंडी गुणाकार अवघड आहे, त्याची रीत मात्र अगदी सरळ आहे.

उलट बाजूने बघा. कुठलीही मानवी भाषा अतिशय कॉम्प्लेक्स असते. लिंग, वचन, विभक्ती, काळ, आदरार्थ हे सगळं एकमेकांवर अवलंबून. तरीही तीन-चार वर्षांचं मूल ती सहज बोलतं, कारण त्याला ती अवघड वाटत नाही. तिची गुंतागुंत मात्र तसूभरही कमी झालेली नसते.

म्हणूनच ‘इट इज कॉम्प्लेक्स टू कम ऑन टाइम’ यासारखं वाक्य इंग्रजी कानाला खटकतं. वेळेवर येणं अवघड असू शकतं, तिथे ‘डिफिकल्ट’ किंवा ‘हार्ड’ हवं. ‘द स्केड्यूल इज कॉम्प्लेक्स’ हे मात्र बरोबर, कारण वेळापत्रकाला घडण असते. एक सोपी कसोटी वापरून बघा: ज्या गोष्टीबद्दल बोलताय तिचे भाग मोजता येतात का, आणि ते एकमेकांशी कसे जोडलेत हे सांगता येतं का? येत असेल तर कॉम्प्लेक्स चालेल.

कॉम्प्लेक्स आणि कॉम्प्लिकेटेड यांत फरक काय?

रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूससुद्धा हे शब्द अदलाबदल करून वापरतो, तेव्हा गप्पा मारताना फार काटेकोर राहायची गरज नाही. पण लिहिताना फरक आहे, आणि तो सुंदर आहे.

कॉम्प्लिकेटेड हा लॅटिनमधल्या ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं या क्रियापदापासून आला. एकावर एक घड्या घातलेलं. घडी उलगडता येते. विणलेलं वस्त्र उसवायला गेलात तर धागे हाती येतात आणि वस्त्र जातं. दोन्ही शब्दांची मुळं खोल कुठेतरी भावंडं आहेत, पण आज त्यांचा कल असा वेगळा पडला आहे.

घड्याळाचं उदाहरण घ्या. घड्याळ बनवणाऱ्या कारागिरांच्या भाषेत तास-मिनिटांपलीकडे घड्याळ जे काही जास्तीचं दाखवतं त्याला ‘कॉम्प्लिकेशन’ असंच म्हणतात: तारीख, चंद्राच्या कला, गजर. पाटेक फिलीप या स्विस घड्याळजींनी १९८९ मध्ये पूर्ण केलेल्या कॅलिबर ८९ या खिशातल्या घड्याळात अशी ३३ कॉम्प्लिकेशन्स आहेत. पण ते घड्याळ उघडलं, प्रत्येक चाक बाजूला काढलं, नकाशाबरहुकूम परत बसवलं, तर ते पूर्वीसारखंच चालेल. कोणतं चाक फिरलं की कोणता काटा किती सरकणार हे आधी सांगता येतं. हे कॉम्प्लिकेटेड.

आता आकाशात स्टारलिंग पक्ष्यांचा थवा बघा. हजारो पक्षी एका लाटेसारखे वळतात आणि त्यांचा कुणी म्होरक्या नसतो. रोमच्या आकाशातल्या अशा थव्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना दिसलं की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडेच लक्ष देऊन उडतो. एवढ्याशा नियमातून तो सगळा नाच उभा राहतो. एक पक्षी पकडून, त्याची चिरफाड करून थवा समजणार नाही, कारण थवा पक्ष्यात नाही, पक्ष्यांच्या मधल्या नात्यात आहे. हे कॉम्प्लेक्स.

त्या संशोधकांपैकी जॉर्जो पारिसी यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल सियुकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांच्याबरोबर मिळालं. ते तिघांनाही कॉम्प्लेक्स भौतिक प्रणाली समजून घेण्यातल्या कामासाठी दिलं गेलं. त्या सन्मानपत्रात ‘कॉम्प्लिकेटेड’ लिहिलं असतं तर सगळा अर्थच निसटला असता.

मला सर्वांत आवडणारा प्रयोग मात्र जपानमधला आहे, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने सारखं अंतर ठेवून चालवत राहा. सिग्नल नाही, अपघात नाही, रस्ता अरुंद होत नाही. तरी थोड्याच वेळात गाड्या तुंबल्या. एकाने किंचित ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि कोंडी लाटेसारखी उलट दिशेने सरकत गेली. यात चूक कुणाची? एकाही गाडीत बिघाड नव्हता. कोंडी गाड्यांच्या मधल्या जागेत जन्मली.

शास्त्रात या शब्दाला एवढं वजन कधीपासून आलं?

वॉरन वीव्हर या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ मध्ये एका लेखात शास्त्रापुढच्या प्रश्नांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात दोन-तीन चलांचे साधे प्रश्न, दुसऱ्यात अब्जावधी रेणूंचे विस्कळीत प्रश्न, ज्यांना सरासरी काढून हाताळता येतं, आणि तिसऱ्यात मधला मोठा प्रदेश, जिथे घटक पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांशी संघटित आहेत. या तिसऱ्याला त्याने ‘ऑर्गनाइझ्ड कॉम्प्लेक्सिटी’ म्हटलं. १९८४ मध्ये अमेरिकेत सांता फे इन्स्टिट्यूट स्थापन झाली ती मुख्यतः याच प्रदेशाच्या अभ्यासासाठी.

मराठीत कॉम्प्लेक्ससाठी कोणता शब्द वापरावा? क्लिष्ट, जटिल, किचकट, गुंतागुंतीचा, व्यामिश्र?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. कोशात हे शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यामुळे हाताला लागेल तो उचलला जातो. पण त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

क्लिष्ट आणि क्लेश यांचा धातू एकच. क्लिष्ट म्हणजे जे वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्याला क्लेश देतं. हा दोष दाखवणारा शब्द आहे. सुरुवातीच्या काळात मी एका परीक्षणाचं भाषांतर करताना ‘अ कॉम्प्लेक्स नॉव्हेल’ याला ‘क्लिष्ट कादंबरी’ लिहिलं होतं. मूळ समीक्षकाने मनापासून कौतुक केलं होतं आणि माझ्या वाक्याने ती कादंबरी वाचू नका असं सांगितलं. ते छापून आल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून क्लिष्ट हा शब्द मी कॉम्प्लेक्सच्या जवळपास फिरकू देत नाही. भाषा क्लिष्ट असते, अर्जाचा नमुना क्लिष्ट असतो, कायद्याचा मसुदा क्लिष्ट असतो. रानातलं जीवन क्लिष्ट नसतं.

व्यामिश्र हा त्याच्या नेमका उलट. अनेक छटा एकमेकांत मिसळलेल्या आहेत आणि त्यामुळेच गोष्ट श्रीमंत झाली आहे, असा त्यात आदर आहे. ‘अ कॉम्प्लेक्स कॅरेक्टर’ म्हणजे व्यामिश्र व्यक्तिरेखा. प्रेमळ आणि क्रूर एकाच वेळी असणारी, स्वतःला फसवणारी, तरी आपल्याला जवळची वाटणारी. समीक्षेत हा शब्द पूर्वी फार वापरला जाई, आता कमी दिसतो. तो परत यावा असं मला मनापासून वाटतं.

जटिल हा जटेपासून आला आहे. जटा म्हणजे केस एकमेकांत घट्ट वळलेले. लॅटिनमधली वेणी आणि संस्कृतमधली जटा, दोन्हीकडे प्रतिमा केसांचीच निघाली हे मला फार विलक्षण वाटतं. अर्थाने हा कॉम्प्लेक्सच्या सर्वांत जवळचा शब्द. अडचण एवढीच की तो जरा औपचारिक आहे. शास्त्रीय लेखनात चांगला शोभतो: जटिल प्रणाली, जटिल रचना. घरात बोलताना कुणी ‘प्रकरण जटिल आहे’ म्हणत नाही.

घरात आपण ‘गुंतागुंतीचं’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा तेच योग्य असतं. गुंता हा धाग्याचा, दोऱ्याचा. पण एक सूक्ष्म फरक ध्यानात असू द्या. गुंता हा नको असलेला असतो, तो सोडवायचा असतो. वेणी सोडवायची नसते, ती मुद्दाम घातलेली असते. म्हणून नातेसंबंध, प्रश्न, व्यवहार यांना गुंतागुंतीचा छान बसतो. एखाद्या संगीतरचनेला ‘गुंतागुंतीची’ म्हटलं तर थोडी नाराजी डोकावते. तिथे अनेकपदरी किंवा व्यामिश्र लिहा.

किचकट म्हणजे बारीकसारीक कटकटींनी भरलेलं. शंभर पावत्या तारखेप्रमाणे लावणं किचकट आहे. यात गुंफण मुळीच नसते, फक्त चिकाटी लागते. इंग्रजीत याला ‘टीडियस’ किंवा ‘फिडली’ म्हणतील, कॉम्प्लेक्स नाही.

पण कॉम्प्लेक्स हे कौतुक आहे की तक्रार?

इंग्रजीत दोन्ही नाही. शब्द तटस्थ आहे, रंग शेजारच्या शब्दांवरून येतो. ‘टू कॉम्प्लेक्स’, ‘अननेसेसरिली कॉम्प्लेक्स’ म्हटलं की तक्रार. ‘रिच अँड कॉम्प्लेक्स’ म्हटलं की कौतुक. चव, सुगंध, सूर, व्यक्तिरेखा यांच्याबद्दल बोलताना कल कौतुकाकडे असतो, आणि नियम, कार्यपद्धती, करप्रणाली यांच्याबद्दल बोलताना तक्रारीकडे.

संगणक अभियंता फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना एक भेद केला तो इथे फार उपयोगी पडतो. काही गुंतागुंत विषयाच्या अंगातच असते, ती काढली तर विषयच उरत नाही. काही गुंतागुंत आपण आपल्या साधनांमुळे, सवयींमुळे ओढवून घेतलेली असते, ती काढता येते. भाषांतर करताना मी हेच स्वतःला विचारतो: लेखक अंगभूत गुंतागुंतीबद्दल बोलतो आहे की ओढवून घेतलेल्या? पहिली असेल तर जटिल, व्यामिश्र, अनेकपदरी. दुसरी असेल तर क्लिष्ट खुशाल वापरा, तिथे तो शब्द आपल्या जागी आहे.

इमारतींच्या समूहाला कॉम्प्लेक्स का म्हणतात?

कारण त्या एका योजनेत जोडलेल्या असतात: एक आवार, एक प्रवेशद्वार, सामाईक सोयी. मराठीने यासाठी ‘संकुल’ हा शब्द घेतला आणि तो उत्तम रुजला. क्रीडासंकुल, शैक्षणिक संकुल. इंग्रजीत हे नाम अमूर्त गोष्टींनाही लागतं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात ‘मिलिटरी-इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स’ पासून सावध राहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात इमारती नव्हत्या. लष्कर आणि शस्त्रं बनवणारे उद्योग यांचे हितसंबंध एकमेकांत गुंफले गेले आहेत, हे त्यांना म्हणायचं होतं. तिथे ‘संकुल’ लिहिलं तर वाचक भिंती शोधू लागतो. ‘लष्कर आणि उद्योग यांची युती’ असं काहीतरी उलगडून लिहिणं बरं.

‘त्याला कॉम्प्लेक्स आहे’ यातला कॉम्प्लेक्स कुठून आला?

मानसशास्त्रातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकच्या मनोरुग्णालयात कार्ल युंग शब्दांचे प्रयोग करत होते. समोरच्याला एक शब्द सांगायचा, त्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा आणि किती वेळ लागला ते मोजायचं. काही शब्दांना माणसं अडखळत, उशीर लावत, भलतंच बोलत. युंग यांनी अनुमान काढलं की त्या शब्दांच्या मागे आठवणी, भावना आणि विचार यांचा एक गठ्ठा दडलेला आहे, एकाला हात लावला की सगळे हलतात. त्या गठ्ठ्याला त्यांनी कॉम्प्लेक्स म्हटलं. फ्रॉइड यांनी १९१० मध्ये ‘इडिपस कॉम्प्लेक्स’ ही संज्ञा वापरली, आणि ‘इन्फिरिऑरिटी कॉम्प्लेक्स’ ची कल्पना आल्फ्रेड अॅडलर यांच्या नावाशी जोडली गेली.

मराठीत यासाठी ‘गंड’ हा शब्द आहे: न्यूनगंड, अहंगंड. गंड म्हणजे गाठ किंवा सूज, गंडमाळा या शब्दात तोच आहे. शब्द ज्याने कुणी योजला त्याचं मोल मानावं तितकं थोडं, कारण मनात बसलेली गाठ याहून नेमकी सांगता येणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी. बोलताना आपण नुसतं ‘कॉम्प्लेक्स’ म्हटलं की त्याचा अर्थ न्यूनगंड असाच घेतो. इंग्रजीत ‘ही हॅज अ कॉम्प्लेक्स अबाउट हिज हाइट’ म्हणजे उंचीबद्दल त्याच्या मनात काहीतरी टोचणी आहे. आणि ‘ही इज कॉम्प्लेक्स’ म्हणजे तो व्यामिश्र स्वभावाचा आहे. ‘अ’ लागला की अर्थ पालटतो.

गणितातल्या कॉम्प्लेक्स संख्या अवघड असतात म्हणून त्यांना हे नाव पडलं का?

नाही, जरी अनेक विद्यार्थ्यांना तसं वाटून आधीच धडकी भरते. इथे कॉम्प्लेक्सचा अर्थ जोडून बनलेली. तीन अधिक चार आय अशी संख्या घेतली तर तिला दोन भाग आहेत, तीन हा वास्तव आणि चार आय हा कल्पित, आणि दोन्ही मिळून एक संख्या. मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘संमिश्र संख्या’ म्हटलं आहे आणि ते मुळाला धरून आहे. ‘जटिल संख्या’ म्हटलं असतं तर ती धडकी आणखी वाढली असती.

गोष्ट मोठी रंजक आहे. १५४५ मध्ये इटलीच्या कार्दानो यांनी एक कोडं मांडलं: दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार चाळीस येईल. उत्तरात ऋण पंधराचं वर्गमूळ आलं. ५ अधिक ते वर्गमूळ आणि ५ वजा ते वर्गमूळ. बेरीज केली तर दहा, गुणाकार केला तर बरोबर चाळीस. त्यांना हे निरुपयोगी वाटलं, पण गणित चुकलेलं नव्हतं. ऑयलर यांनी १७७७ मध्ये ऋण एकच्या वर्गमुळासाठी ‘आय’ हे अक्षर घेतलं, आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला गाऊस यांनी ‘कॉम्प्लेक्स’ हे नाव रूढ केलं.

आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या?

तिथेही समूह हाच अर्थ. सुरुवातीला ब जीवनसत्त्व हा एकच पदार्थ आहे असं मानलं जात होतं. पुढे कळलं की ती आठ निरनिराळी जीवनसत्त्वं आहेत आणि ती बरेचदा एकत्र आढळतात, म्हणून कॉम्प्लेक्स. बी-१, २, ३, ५, ६, ७, ९ आणि १२.

इंग्रजी व्याकरणात कॉम्प्लेक्स वाक्य म्हणजे लांब वाक्य का?

लांबीचा काही संबंध नाही. एक मुख्य वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेलं निदान एक गौण वाक्य, एवढंच हवं. मराठीत याला मिश्र वाक्य म्हणतात. ‘तो म्हणाला की मी येतो’ हे चिमुकलं वाक्य मिश्र आहे, कारण ‘मी येतो’ हे ‘म्हणाला’ वर टेकलेलं आहे. ‘तो आला, बसला, पाणी प्यायला, खूप बोलला आणि निघून गेला’ हे त्याहून लांब असूनही मिश्र नाही. तिथे सगळे भाग एका रांगेत उभे आहेत, म्हणून ते संयुक्त, इंग्रजीत ‘कंपाउंड’. पुन्हा तोच मुद्दा: किती भाग आहेत यापेक्षा कोण कुणावर अवलंबून आहे, ते बघायचं.

संगणकाच्या अभ्यासात ‘कॉम्प्लेक्सिटी’ म्हणतात तेव्हा काय अभिप्रेत असतं?

इथे शब्दाचा अर्थ बराच सरकला आहे आणि म्हणून घोटाळा होतो. संगणकशास्त्रात कॉम्प्लेक्सिटी म्हणजे माहिती वाढत गेली की काम करायला लागणारा वेळ किंवा जागा कशी वाढत जाते, त्याचं माप. यूरिस हार्टमानिस आणि रिचर्ड स्टर्न्स यांनी १९६५ मध्ये या अभ्यासाची पायाभरणी केली.

दहा लाख नावं अकारविल्हे लावलेली आहेत असं समजा. पहिल्यापासून एकेक बघत गेलात तर नशीब वाईट असताना दहा लाख वेळा बघावं लागेल. दर वेळी मधलं नाव बघून निम्मी यादी सोडून देत गेलात तर फार तर वीस वेळा. दुसरी रीत लिहायला किंचित जास्त गुंतागुंतीची आहे, पण तिची कॉम्प्लेक्सिटी कमी आहे. हे वाक्य नेहमीच्या अर्थाने वाचलं तर परस्परविरोधी वाटेल.

याउलट फिरत्या विक्रेत्याचं कोडं: सगळ्या गावांना एकेकदा भेट देऊन सर्वांत कमी अंतरात परत या. सांगायला एक ओळ. दहा गावं असतील तर १,८१,४४० मार्ग तपासावे लागतात. वीस गावं झाली की हा आकडा सुमारे सहा कोटी अब्जांवर जातो. मांडणी साधी, कॉम्प्लेक्सिटी प्रचंड.

डॉक्टर ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात, आपण ‘गुंतागुंत’ म्हणतो. मग कॉम्प्लेक्सिटीला काय म्हणायचं?

मराठीची इथे खरोखर अडचण होते. ‘शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत निर्माण झाली’ यातली गुंतागुंत म्हणजे मागाहून उद्भवलेला नवा त्रास, कॉम्प्लिकेशन. ‘आजाराची गुंतागुंत’ म्हणजे मात्र त्या आजाराची मुळातलीच अनेकपदरी रचना. वैद्यकीय मजकूर लिहिताना मी कॉम्प्लिकेशनला ‘गुंतागुंत’ राहू देतो, कारण लोकांना तो अर्थ परिचित आहे, आणि कॉम्प्लेक्सिटीला ‘जटिलता’ लिहितो. एकाच परिच्छेदात दोन्ही यायचे असतील तर हे पाळणं फार गरजेचं आहे, वाचणारा रुग्ण असू शकतो.

इंट्रिकेट, इलॅबोरेट, कॉन्व्होल्यूटेड हे शब्दही गुंतागुंतीचेच ना?

हो, पण प्रत्येकाची नजर वेगळी. इंट्रिकेटमध्ये बारीक कलाकुसर दिसते: जाळीकाम, नक्षी, कोळ्याचं जाळं, नाजूक कथानक. जवळ जाऊन बघावंसं वाटणारं. इलॅबोरेटमध्ये ‘लेबर’ म्हणजे श्रम दडलेले आहेत, म्हणून खपून, तपशीलवार केलेलं, कधी कधी गरजेपेक्षा जास्तही.

कॉन्व्होल्यूटेड हा जवळजवळ नेहमीच नावं ठेवणारा. सरळ जायचं सोडून वळसे घेत गेलेलं: युक्तिवाद, खुलासा, कथानक. यासाठी आपल्याकडे द्राविडी प्राणायाम हा तयार वाक्प्रचार आहे. मेंदूच्या वळ्यांना मात्र शरीरशास्त्रात ‘कॉन्व्होल्यूशन’ म्हणतात आणि तिथे निंदा नाही.

उच्चार कसा करायचा?

नाम असेल तर आघात पहिल्या अक्षरावर: कॉम्-प्लेक्स. विशेषण असेल तर ब्रिटिश बोलण्यात तसाच, अमेरिकी बोलण्यात बरेचदा दुसऱ्यावर, ‘कम्-प्लेक्स’. ‘कॉम्प्लेक्सिटी’ मध्ये आघात सगळीकडे ‘प्लेक्’ वर पडतो आणि पहिलं अक्षर ‘कम्’ सारखं ऐकू येतं.

‘कॉम्प्लेक्स्ड’, ‘कॉम्प्लेक्सर’ ही रूपं बरोबर आहेत का?

‘माय लाइफ इज कॉम्प्लेक्स्ड’ हे चूक. कॉम्प्लिकेटेडच्या शेवटी ‘एड’ येतो म्हणून इथेही जोडला जातो, पण कॉम्प्लेक्स हे मुळातच विशेषण आहे. रसायनशास्त्रात धातूच्या आयनाभोवती रेणू जोडले जाण्याला ते क्रियापद म्हणून वापरतात, तेवढाच अपवाद. तुलनेसाठी ‘मोअर कॉम्प्लेक्स’ म्हणा. ‘कॉम्प्लेक्सली’ कोशात आहे, तरी ‘इन अ कॉम्प्लेक्स वे’ जास्त नैसर्गिक वाटतं. जोर द्यायला ‘हायली कॉम्प्लेक्स’ किंवा ‘इन्क्रीझिंगली कॉम्प्लेक्स’ या जोड्या पक्क्या आहेत.

कॉम्प्लेक्शन म्हणजे चेहऱ्याचा वर्ण, त्याचा याच्याशी संबंध आहे?

आहे, आणि तो शब्द इंग्रजीत कॉम्प्लेक्सच्या खूप आधी आला. मध्ययुगीन वैद्यकात शरीरातल्या उष्ण, शीत, आर्द्र, शुष्क या गुणांच्या मिश्रणाला कॉम्प्लेक्शन म्हणत, आणि त्यावरून माणसाची प्रकृती ठरवत. प्रकृती चेहऱ्यावर दिसते असं मानलं जाई. मिश्रण विसरलं गेलं, चेहरा उरला.

मराठीत लिहिताना सरळ ‘कॉम्प्लेक्स’ लिहिलं तर चालेल का?

इमारतीचं नाव, गोळ्यांचं नाव, संवादात कुणाच्या तोंडी आलेलं वाक्य, इथे खुशाल लिहा. बाकी ठिकाणी मी एकदा थांबून बघतो. इंग्रजीने एका शब्दात जे कोंबलं आहे ते मराठीने संकुल, गंड, संमिश्र, मिश्र, जटिल, व्यामिश्र, अनेकपदरी असं वाटून दिलेलं आहे. प्रत्येक शब्द वाचकाला आधीच सांगतो की आपण कोणत्या घरात आलो आहोत. ‘कॉम्प्लेक्स’ लिहिलं की ते ओळखायचं काम त्याच्यावर पडतं. आणि यातला एकही शब्द बसत नसेल, तर विशेषणाचा हट्ट सोडून काय कशात गुंतलं आहे ते एका वाक्यात सांगून टाका. ‘हा प्रश्न कॉम्प्लेक्स आहे’ याऐवजी ‘पाण्याचा प्रश्न सोडवायला गेलं की विजेचा उभा राहतो, आणि विजेचा सोडवला की पुन्हा पाण्याचा’ असं लिहिलं, तर वाचकाला कोशाकडे जावं लागत नाही.